मोठ्या हार्ट ऑपरेशनमध्ये मेंदूला जपायचं तर घरच्यांनी काय करायचं

जत-आटपाडीकडून पेशंट मिरजेला बायपाससाठी आणला की घरचे पैसे, रक्त आणि डबा यांच्या मागे लागतात. मेंदूचं कुणी विचारत नाही.

दाखल करतानाच भूलतज्ज्ञांना सांगा: पूर्वी कधी हात लुळा पडला होता का, बोबडी वळली होती का? पाच मिनिटांत बरं वाटलं असलं तरी सांगा. रोजची दारू लपवू नका. ती अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत थरथर आणि भास सुरू होतात, आणि आयसीयूत कारण शोधण्यात वेळ जातो. मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लागणार आहे का, तेही विचारा. क्लोपिडोग्रेल ही गुठळी होऊ न देणारी गोळी साधारण ५ दिवस आधी थांबवतात, पण ते सर्जन ठरवतील. आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

ऑपरेशनमध्ये महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) आतल्या चरबी-कॅल्शियमच्या थरावर चिमटा बसला की कण सुटून मेंदूत जाऊ शकतात. हवेचे बुडबुडे आणि उतरलेला रक्तदाब हीही मेंदूला इजा होण्याची कारणं. महाधमनीच्या कमानीचं ऑपरेशन सर्वांत जोखमीचं, कारण मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तिथूनच निघतात. म्हणून शरीर थंड करून रक्ताभिसरण काही वेळ थांबवतात आणि मेंदूला, बहुधा उजव्या काखेजवळच्या धमनीतून, वेगळं रक्त देत राहतात. कपाळावर सेन्सर लावले असतील तर मेंदूतल्या ऑक्सिजनचा आकडा सुरुवातीपेक्षा २० टक्के उतरताच टीम कारण शोधू लागते.

शुद्ध आल्यावर भेटाल तेव्हा हसायला, दोन्ही हात उचलायला, नाव सांगायला सांगा. तोंड वाकडं, एक हात खाली, शब्द अडखळतायत, तर ‘भूल उतरायचीय अजून’ म्हणून गप्प बसू नका. सिस्टरना तिथल्या तिथे सांगा, शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळही सांगा. जखम ताजी असल्यानं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बहुतेक देता येत नाही. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर नळी घालून गुठळी काढता येते, पण तेही वेळेतच.

रात्री बडबड, सलाईन ओढणं आणि सकाळी पुन्हा शहाणं, हा बहुधा भ्रम (डिलिरियम, म्हणजे ऑपरेशननंतरचा मेंदूचा तात्पुरता गोंधळ) असतो आणि तो उतरतो. चष्मा, कानाचं मशीन आणून द्या. वार, वेळ, गाव सांगत राहा. नुसतं सुस्त पडून राहणं हाही भ्रम असू शकतो, तेव्हा तेही कळवा.

ऑपरेशननंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हृदयाचे ठोके बिघडण्याचं प्रमाण जास्त असतं आणि त्यातून गुठळी होऊ शकते. घरी गेल्यावर वरची लक्षणं दिसली तर १०८ लावा, सीटी स्कॅन असलेल्याच हॉस्पिटलला न्या आणि डिस्चार्ज कार्ड हातात ठेवा.