मोझॅकची मोठी फरशी: पहिला तुकडा लावण्याआधी

देवळापुढचं अंगण, शाळेचा व्हरांडा, वाचनालयाचा चौक अशा ठिकाणी मोझॅकचं, म्हणजे छोटे रंगीत तुकडे जोडून केलेलं, मोठं चित्र करायचं ठरलं की पहिली बैठक चित्रावरच रंगते. मोर घ्यायचा की वेल, किनार कुठली. माझा आग्रह असा की त्या बैठकीला पहार आणि फावडं घेऊन यावं आणि जागेवर दोन-अडीच फुटांचा खड्डा खणून बघावा. खाली काळी माती लागली तर चित्राचं बोलणं तिथंच थांबवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वर जे असेल ते सोबत हलवते. ती काढून मुरूम भरायचा, तोही एकदम ट्रॉली रिकामी करून नाही. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. त्यावर दगडी सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, मग जाळी घालून चार इंच काँक्रीट. माझ्या पहिल्या मोठ्या कामात भराव नीट चोपला नव्हता. एका पावसाळ्यात कमळाच्या मधोमध भेग गेली. तुकडे सगळे जागच्या जागी होते, खालची जमीन खचली होती. ती भेग मला अजून डोळ्यांपुढे दिसते.

रोमन कारागीर खाली मुठीएवढे दगड घालत, त्यावर खडी-चुना, त्यावर विटांच्या चुऱ्याचा चुना, म्हणजे आपली सुरखीच, आणि मग कुठे चित्राचे तुकडे. इटलीत अक्विलेयाच्या बॅसिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, चौथ्या शतकातली सुमारे ७६० चौरस मीटरची फरशी आहे. नंतरच्या काळातल्या फरशीखाली ती शतकानुशतकं झाकलेली होती, १९०९ साली उघडी झाली. त्यातले मासे आणि पक्षी आजही ओळखू येतात.

ढाळ काँक्रीटमध्येच द्या. उघड्या अंगणाला शंभराला एक, म्हणजे चार मीटर रुंदीला चार सेंटीमीटर. लेव्हल पाइपने चारही कोपऱ्यांत खुणा करा आणि पाणी कुठून बाहेर पडणार ते मिस्त्रीला बोट दाखवून सांगा. पुढे ॲडेसिव्ह, म्हणजे तुकडे चिकटवायचा मसाला, जाड-पातळ करून ढाळ काढू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. काँक्रीटला पाणी मारून २८ दिवस थांबायचं. हे दिवस वाया जात नाहीत, याच काळात चित्र तयार होतं.

आता चित्र. फरशीवर माणसं पाय देणार, ही गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. अक्षराला पाय लागला तर आपण वाकून नमस्कार करतो. म्हणून देवाची मूर्ती, ओंकार, महापुरुषांचं चित्र, देणगीदारांची नावं यांतलं काहीही पायाखाली नको. नावं भिंतीवर लावा. ही अडचण आपलीच आहे असं नाही. रोमन सम्राट थिओडोसियस दुसरा याने इ.स. ४२७ मध्ये फरशीवर क्रॉस काढायला बंदी घातली होती. मग जमिनीवर काय शोभतं? आपल्या रांगोळीतच उत्तर आहे: वेलबुट्टी, ठिपक्यांची जाळी, शंकरपाळ्यांची किनार, लाटा, मासे. कासव तर आपल्या देवळांत पूर्वीपासून जमिनीवरच असतं. पण तिथंही गावातल्या जाणत्या माणसांना आधी विचारा. कागदावरचं रेखाटन मंजूर झालं की तेच खऱ्या मापात खडूने जागेवर काढा आणि आठवडाभर राहू द्या. लोक कुठून चालतात, चपला कुठे काढतात, नारळ कुठे फोडतात, हे त्या आठवड्यात कळतं. नाजूक काम त्या वाटांपासून दूर न्या. इटलीत मिलानच्या गॅलेरियात, म्हणजे छत असलेल्या जुन्या बाजारपेठेत, फरशीवरच्या बैलावर टाच ठेवून गिरकी घ्यायची प्रथा आहे. तिथं पुन्हा पुन्हा खड्डा पडतो आणि पुन्हा पुन्हा दुरुस्ती करावी लागते.

रंग ठरवताना दगडाच्या वखारीत जा, कॅटलॉगवर विसंबू नका. काळ्याला कडप्पा, राखाडीला शहाबाद, हिरवटाला कोटा, पिवळ्याला जैसलमेर, पांढऱ्याला मकराना. ग्रॅनाइटचा मोह टाळा. तो संगमरवरापेक्षा खूप कठीण, त्यामुळे काही वर्षांनी शेजारचा मऊ दगड झिजतो आणि ग्रॅनाइटचे तुकडे पायाला टोचू लागतात. निळा रंग दगडात परवडणारा मिळत नाही, त्यासाठी फुल बॉडी व्हिट्रिफाइड टाइल घ्या, म्हणजे आतपर्यंत एकच रंग असलेली. साध्या ग्लेझ्ड टाइलचा रंग वरच्या पातळ थरातच असतो, तो झिजला की खालची माती उघडी पडते. काच भिंतीसाठी ठेवा. आणि देवळाचं अंगण असेल तर प्रदक्षिणेच्या वाटेवर काळा दगड अजिबात नको. वैशाखात दुपारी बारा वाजता अनवाणी म्हाताऱ्या माणसाला तिथून चालायचं आहे, एवढं डोळ्यांपुढे ठेवलं की रंग आपोआप ठरतात. चकचकीत पॉलिशही नको. ओल्या पावलांखाली ते घसरतं.

हिशोब लेखी करा. दोन सेंटीमीटरचे तुकडे आणि मध्ये दोन मिलिमीटर फट धरली तर चौरस मीटरला सुमारे २,००० तुकडे लागतात. चाळीस चौरस मीटरला ८०,००० च्या पुढे. तुटफुटीसाठी पंधरा टक्के जास्त आणि प्रत्येक रंग एकाच लॉटमधला. सराव असलेला हात दिवसाला अर्धा चौरस मीटर मांडतो, असा माझा अनुभव. म्हणजे चार जणांचे वीस दिवस.

एवढं काम उन्हात उकिडवं बसून करायचं नाही. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या फ्रिउली भागातला मोझॅक कारागीर फाकिना याने ज्या उलट्या पद्धतीचा प्रसार केला, ती इथं फार उपयोगी पडते. खाकी कागदावर चित्राची आरशातली प्रतिमा काढायची आणि मैद्याच्या खळीने तुकडे पालथे चिकटवायचे. कागद ४० सेंटीमीटर चौरसाचे ठेवा, म्हणजे एकेकाचं वजन चार किलोच्या आत राहतं आणि कुणालाही उचलता येतं. प्रत्येकावर क्रमांक आणि उत्तरेचा बाण हवा, आणि सगळ्यांचा नकाशा भिंतीवर. तुकड्यांच्या ओळींना चाल द्या. पाणी दाखवायचं तर ओळी लाटेसारख्या वळल्या पाहिजेत, नाहीतर चित्र निर्जीव दिसतं. दर तीन-चार मीटरवर प्रसरणासाठी सांधा लागतोच, तो चित्राच्याच रेषेत लपवा.

लावण्याचे दिवस होळी ते अक्षय्य तृतीयेच्या दरम्यानचे धरा, वर मांडव घाला. कागदाची बाजू वर ठेवून तुकडे ॲडेसिव्हमध्ये बसवायचे. मग कागद भिजवून निघेपर्यंत वीसेक मिनिटं जातात. तेवढ्यात हललेले तुकडे सरळ करायला दोन माणसं मोकळी ठेवा. ग्राउटचा, म्हणजे फटी भरायच्या मसाल्याचा, रंग एका चौरस फुटावर वाळवून बघा. शुभ्र ग्राउट सगळे रंग फिके करतो, राखाडी सगळ्यांना सांभाळून घेतो.

शेवटी दोन गोष्टी उद्घाटनाच्या आधीच करा. प्रत्येक रंगाचे उरलेले तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठ्या लावून, नकाशासह कार्यालयाच्या कपाटात ठेवा. आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना बोलावून स्वतः सांगा की या फरशीला ॲसिड लावायचं नाही, त्याने संगमरवर, कडप्पा, कोटा, शहाबाद आणि सिमेंट सगळंच खाल्लं जातं. साधं पाणी, थोडा सौम्य साबण आणि नारळ फोडायला बाजूला एक वेगळा दगड.