पट्टी पकडा, चेतापेशी ओळखा

३० सेंटीमीटरची पट्टी घ्या. रंकाळ्याच्या कट्ट्यावरही जमेल, पण भेळेच्या गाड्यांपासून लांब बसा. लक्ष उडालं की आकडा फुगतो. मित्रानं पट्टी उभी धरायची, शून्य खाली. तुमचा अंगठा आणि तर्जनी शून्याच्या दोन्ही बाजूंना, न टेकवता. न सांगता त्यानं सोडायची, तुम्ही पकडायची. १५ सेंटीमीटरवर पकडली तर तुमचा प्रतिसादाचा वेळ सुमारे ०.१७५ सेकंद, २० वर ०.२ सेकंद. दहा वेळा करून सरासरी काढा. दहा सेंटीमीटरच्या आत आकडा आला तर तो बहुधा अंदाजानं मारलेला चिमटा, सोडून द्या.

आता हा वेळ जातो कुठं? चेतापेशी म्हणजे संदेश वाहणारी पेशी; तिच्या वृक्षिका (फांद्यांसारखे छोटे तंतू) संदेश घेतात, अक्षतंतू (तिचा लांब धागा) तो पुढं नेतो. पेशीच्या आतला विद्युतदाब उणे ७० मिलिव्होल्टवरून उणे ५५ च्या आसपास चढला की सोडियम आत घुसतं आणि संदेशाची ठिणगी पडते. अक्षतंतूवर मायलिन या स्निग्ध थराचं वेष्टन असल्यानं हातातला संदेश सेकंदाला ५०-६० मीटर धावतो. कण्यापासून हाताच्या स्नायूंपर्यंत जेमतेम १५ मिलिसेकंद. बाकीचा बराचसा वेळ डोळ्याचा पडदा आणि मेंदूतली संपर्कस्थानं (एक चेतापेशी दुसरीला संदेश देते त्या जागा) खातात. म्हणून तालमीतला गडी जिंकला तर त्याच्या नसा जाड म्हणू नका, सराव मेंदूचा असतो.