मोबाईलातला सल्ला बाळाला लावण्याआधी

आमच्या घरी रात्री दोन वाजता एक बाई बोलत असते. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मी दचकून उठले. आत डोकावून पाहिलं, तर सून बाळाला पाजत बसलेली, मोबाईल उशीला टेकवलेला, आणि त्यातली कोणी शहरातली ताई सांगत होती, बाळ रात्री का उठतं म्हणून. मी ३१ वर्षं अंगणवाडीत काढली. यवतमाळ-घाटंजी रस्त्याकडच्या आमच्या गावातली निम्मी पोट्टी माझ्या साल्टर काट्याच्या, म्हणजे टांगत्या वजनकाट्याच्या, झोळीत लोंबकळून मोठी झाली. आणि माझ्याच नातवाचं शिक्षण दुसरीच बाई करत होती. राग आला, खोटं कशाला बोलू.

नातू आता चौदा महिन्यांचा आहे. एवढ्या दिवसांत त्या सल्ल्यांतलं काय घ्यायचं, काय सोडायचं, याची आम्हा दोघींची एक रीत बसली. ती लिहून ठेवते. ज्यांच्या घरात लेक किंवा सून बाळंतीण असेल, त्यांच्या कामाची आहे.

आधी तिच्याजवळ बसून एक व्हिडिओ पुरा बघा. मध्ये बोलायचं नाही. "आमच्या वेळी असं नव्हतं" हे तर मुळीच नाही. मला हे जमायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी विचारलं, "काहून वो, या बाईचं सांगणं एवढं आवडते तुले?"

ती म्हणाली, "आई, ती आधी विचारते, तुम्ही कशा आहात. मग बाळाचं सांगते."

हे मला लागलं. बाळ पाहायला जो येतो तो विचारतो, दूध पुरते का, वजन किती, कोणावर गेला. मी स्वतः शेकडो कार्डं भरली. हिमोग्लोबिन लिहिलं, गोळ्यांचे पत्ते मोजून दिले. पण "रात्री झोपली का वो तू?" हा रकाना कार्डात नव्हता, आणि मीही विचारला नाही.

पूर्वी संध्याकाळी चार बाया बाळंतिणीपाशी येऊन बसायच्या. त्यातलं निम्मं बोलणं कामाचं नसे, पण बोलणं असे. आता सोयाबीनची सोंगणी लागली, पाठोपाठ कापसाची वेचणी आली, की सकाळी आठला गल्ली रिकामी होते. घरात राहते एक बाळंतीण, एक बाळ आणि एक मोबाईल. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं तसा तो मोबाईल दिवसभर बोलायला लागला. म्हणून ह्या ताया लोकांना आवडतात. त्यांच्या पाळण्याच्या चादरीचा रंग भिंतीशी जुळतो म्हणूनही आवडतात, तेही खरंच आहे. आमच्या भिंतीला निळा चुना. सून एकदा म्हणाली, "बघायला बरं वाटते, करायचं थोडंच हाय."

एक गोष्ट मला त्या मोबाईलनंच शिकवली. बाळ सहा आठवड्यांचं असताना सून विनाकारण रडायची. मी म्हणत होते, माहेरची आठवण येत असेल. तिनंच मला एक व्हिडिओ दाखवला, बाळंतपणानंतरच्या उदासीचा. दोन आठवड्यांहून जास्त चालली तर डॉक्टरला दाखवा, असं त्यात होतं. आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथून १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासाबद्दल बोलायच्या सरकारी सेवेचा, फुकट नंबर मिळाला. त्यावर मराठीत बोलता येतं. ती मागच्या खोलीत दार लावून अर्धा तास बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

मग बाळाचं वय पाहा. व्हिडिओतलं बाळ आठ महिन्यांचं आणि तुमचं चार महिन्यांचं असेल तर तो व्हिडिओ तुमचा नाही. पुढे कामी येईल, ठेवून द्या. साधी गोष्ट आहे, पण बऱ्याच चुका इथेच होतात.

माझीही इथेच झाली. मे महिना, पारा ४५ च्या वर, कूलरला लाईट नाही. नातू चार महिन्यांचा. त्याचे ओठ मला कोरडे वाटले आणि मी उकळून थंड केलेलं पाणी दोन चमचे पाजलं. सून म्हणाली, "आई, सहा महिन्यांपर्यंत पाणीसुद्धा नाही म्हणतात." कुठे ऐकलं, तर मोबाईलात. मी तिच्यावर ओरडले. आणि ओरडता ओरडता आठवलं, की हेच वाक्य मी गावातल्या प्रत्येक घरी जाऊन सांगत होते. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजायचं आणि आईनं भरपूर पाणी प्यायचं, एवढंच. दुसऱ्याच्या घरी सांगताना पाठ असलेलं आपल्या नातवाच्या वेळी सुटतं. त्या दिवशी मोबाईल बरोबर होता, सेविकाबाई चूक.

पोटात, डोळ्यात, कानात, नाकात जाणारं काहीही विचारल्याशिवाय करू नका. आमच्या रीतीतला हा सगळ्यात पक्का नियम. अंगाई, पाळणा कसा बांधायचा, दुपटं कसं गुंडाळायचं, बाळाशी काय खेळायचं, हे मोबाईलवर बघून खुशाल करा. जमलं नाही तर काही बिघडत नाही. पण घुटी, मध, नाकात तेल, डोळ्यात काजळ, "पोट साफ करणारा" काढा, असं काही दिसलं की आशाताई, नर्सबाई किंवा डॉक्टर यांपैकी कोणाला तरी आधी विचारायचं. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही. त्यातून एका जंतूची विषबाधा होऊ शकते, मध कितीही शुद्ध असो, मेळघाटातून आणलेला असो.

मेळघाटावरून आठवलं. आजीचं ते सारं खरं आणि मोबाईलचं ते सारं खोटं, असं मी म्हणत नाही. बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्यानं पोटावर चटके देतात. डंबा म्हणतात त्याला, आणि तोही जुनाच आहे. जुन्यालाही तीच चाळणी लावा.

जुलाब लागले तर व्हिडिओ शोधत बसू नका. ओआरएसचं पाकीट आशाताईकडे फुकट मिळतं. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, बहुतेक एक लिटर, पूर्ण पाकीट टाकायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून अंदाजानं ढवळायचं नाही. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी.

सांगणाऱ्याचं घर पाहा. व्हिडिओ थांबवून मागचा ओटा बघायचा. फ्रीज आहे, मिक्सर आहे, चोवीस तास लाईट आहे. ती रविवारी सात डब्यांत सात दिवसांचं खाणं करून ठेवते. आमच्याकडे भारनियमनात सकाळचं वरण संध्याकाळी आंबतं. तिची रीत तिच्या घरी बरोबर. आपण ताजं आणि थोडं करायचं.

पदार्थांचंही तेच. सुनेनं क्विनोआ नावाचं काहीतरी ऐकलं. मी म्हटलं, त्यात असं काय आहे जे आपल्याकडे नाही? दोघींनी बसून एकेक नाव आपल्या घरातलं लावलं. ओट्सच्या जागी ज्वारीच्या कण्या. अव्होकाडो कशासाठी, तर स्निग्ध पदार्थासाठी. मग चमचाभर तूप किंवा फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल. ब्लूबेरीच्या जागी पपई, केळ, दिवाळीच्या सुमारास सीताफळ, संत्री आली की संत्री. ते अगदी तंतोतंत तेच नाही, पण बाळाची गरज भागते.

कण्या अशा करायच्या. ज्वारी जाडसर भरडून चाळायची, पीठ भाकरीला, वरच्या कण्या बाळाला. दोन मुठी कण्या, एक मूठ मुगाची डाळ, धुवून अर्धा तास भिजत घालायची. भरपूर पाण्यात कुकरला पाच शिट्ट्या. मग घोटून वरून तूप. पातळ पाण्यासारखं करू नका. चमचा तिरपा केला तरी घसरून पडायला नको, एवढं घट्ट हवं. सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमच्यांपासून सुरू करायचं आणि आईचं दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षं आणि पुढेही. नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चार वेळा अर्धी वाटी. आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हुरड्याचे दाणे लहान पोरांच्या हाती देऊ नका, घशात अडकतात. व्हिडिओत ते रंगीत ताटलीत फार गोड दिसतं.

खाली लिंक आहे का ते पाहा. माझ्या मते सगळ्यात जास्त घरं इथे फसतात. एका ताईनं अंकुरित धान्याच्या पावडरचा डबा सांगितला. "मी माझ्या बाळाला हाच देते," म्हणाली. सुनेनं मागवला, ६४९ रुपये, घरपोच पैसे देऊन. उघडल्यावर पंधरा दिवसांत पावसाळी हवेनं गोळे झाले. परत घ्यायला कोणी फोन उचलेना. डब्यावर काय काय होतं ते मी चष्मा लावून वाचलं. नाचणी, मूग, गहू, आणि साखर. आमच्या कोठीत साखर सोडून बाकी निम्मं होतंच.

पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन सांगत असाल तर तसं स्पष्ट लिहा, असं केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. म्हणून 'जाहिरात', 'प्रायोजित', 'पार्टनरशिप' असे शब्द शोधा. बहुधा बारीक अक्षरात, कोपऱ्यात असतात. दुधाची पावडर, दुधाची बाटली आणि दोन वर्षांखालच्या बाळाचं डब्यातलं खाणं यांची जाहिरात तर १९९२ च्या कायद्यानं करताच येत नाही. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. बाटलीचं कौतुक करणारी कितीही गोड बोलली तरी तिचा पुढचा सल्ला ऐकू नका.

बाळाची तुलना वजनाच्या तक्त्याशी करा, रीलमधल्या बाळाशी नाही. नातू वर्षाचा झाला तेव्हा ८.४ किलो. मोबाईलातलं त्याच वयाचं गुबगुबीत बाळ बघून सून दोन दिवस नीट जेवली नाही. मी नातवाचं वजनाचं कार्ड काढलं, बोट ठेवून दाखवलं. जन्मतः २.७ किलो, वर्षात तिप्पट झालं, टिंब हिरव्या पट्ट्यात, रेघ वर जाते आहे. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली तर काळजी. एकटा आकडा काही सांगत नाही. दंडाला लावायची पट्टीही अंगणवाडीत असते. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर त्याच दिवशी दवाखाना.

स्वतः असं काही टाकायची हौस असेल तर टाका, मला त्यात वावगं दिसत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन नटलेलं पोर कोणाला दाखवावं वाटणार नाही? पण अंघोळीचे, उघडे व्हिडिओ नकोत. गावाचं नाव, शाळेचं नाव नको. पोर रडत असताना आधी उचला, मोबाईल नंतर. आणि पोराच्या हाती मोबाईल नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, वर्षाखाली मोबाईल-टीव्हीचा पडदा अजिबात नाही, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत. आमच्याकडे आता जेवताना मोबाईल पिठाच्या डब्याच्या मागे जातो. नातवाला ते कळलं आहे. तो जेवायला बसला की आधी पिठाच्या डब्याकडे बोट दाखवतो.

मागच्या महिन्यात सुनेनं माझ्या कण्यांचा व्हिडिओ केला. नुसते माझे हात, कुकर आणि वाटी. सुरुवातीला ती काय बोलली असेल? "कशा आहात तुम्ही? झोप झाली का?" ४१ जणांनी पाहिला. त्यातले सहा आमच्याच घरचे. कोल्हापूरकडच्या एकीनं विचारलं, कण्या म्हणजे काय. सून लिहायला बसली, मी सांगत होते, आणि अर्ध्यात बाळ उठलं. उत्तर अजून जायचं आहे.