नकार कोणाचा, ते आधी विचारा: घरकर्जावरच्या सरकारी अनुदानाची तयारी

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मधून घरकर्जाच्या व्याजावर अनुदान हवं असेल, तर झेरॉक्सच्या रांगेत उभं राहण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कर्ज बँक देते, अनुदान केंद्र सरकार देतं. बँकेने होकार दिला म्हणून सरकारही देईलच असं नाही. बरेच जण दोन्ही नकार एकाच पिशवीत टाकतात आणि बँकेचं भांडण नगरपालिकेच्या खिडकीवर जाऊन भांडतात. त्यातून फक्त घसा बसतो.

आधी आकडे जुळवून बघा. कर्ज १ सप्टेंबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर मंजूर होऊन त्याची रक्कम उचललेली हवी. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत. अनुदान ४ टक्के, तेही पहिल्या ८ लाखांवर आणि १२ वर्षांच्या मुदतीपुरतं. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये मिळतात, पाच वार्षिक हप्त्यांत. मुंबई-ठाण्यातल्या बहुतेकांनी ३५ लाखांचा आकडा वाचूनच थांबायला हरकत नाही. सोलापूर, लातूर, जळगावकडच्यांनी मात्र पुढे यावं. घर शहरी हद्दीत किंवा अधिसूचित नियोजन क्षेत्रात आहे ना, हे बिल्डरच्या जाहिरातीवरून ठरवू नका. नगरपालिकेत किंवा प्राधिकरणात जाऊन विचारा.

उत्पन्नाचा हिशेब शांतपणे बसून करा, कारण जास्तीत जास्त गोंधळ इथेच होतो. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. या सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर दुर्बल घटक, ६ लाखांपर्यंत अल्प आणि ९ लाखांपर्यंत मध्यम उत्पन्न गट. आता गंमत बघा. बँकेला तुमचं उत्पन्न जास्त दिसायला हवं असतं आणि योजनेला कमी. नवऱ्याचा पगार ८ लाख, पण हप्ता झेपेल असं दिसावं म्हणून बायकोचे शिकवण्यांचे ३ लाखही अर्जात दाखवले, की बेरीज ११ लाख. कर्ज मिळालं, अनुदान गेलं. यावर उपाय म्हणून दोन ठिकाणी दोन आकडे लिहायचा सल्ला देणारे एजंट भेटतात. त्यांचा चहा घ्या, सल्ला घेऊ नका. प्राप्तिकराचं विवरणपत्र, फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला समोर ठेवा आणि जो खरा आकडा निघेल तोच सगळीकडे लिहा.

दुसरा खड्डा गावच्या घराचा. कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं, अशी अट आहे. वडील गेल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदीच्या उताऱ्यावर, भावांबरोबर आपलंही नाव लागलेलं असतं आणि पुण्यात भाड्याच्या खोलीत राहताना ते आठवतही नाही. तो उतारा आजच काढा. नाव असेल तर लपवू नका, घर नसल्याचं हमीपत्र तुमच्याच सहीने जाणार आहे. गेल्या २० वर्षांत केंद्राच्या, राज्याच्या किंवा स्थानिक संस्थेच्या घरकुल योजनेचा लाभ घेतला असेल, तरीही दार बंद.

घर घरातल्या कर्त्या स्त्रीच्या नावावर किंवा पती-पत्नीच्या जोडनावावर हवं. हे करारनामा नोंदवण्याआधी ठरवा, नंतर नाव घालायचं म्हणजे नवा दस्त आणि नवा खर्च. खरेदी एकट्या बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, जोडनावाला ती मिळत नाही. तिच्या आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं आणि पासबुकात तिसरंच असेल तर आधी ते एक करून घ्या. आमच्याकडे एवढ्याच कामात सव्वा महिना गेला होता. आधार सगळ्यांचं लागतं, आणि अर्जदाराचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं.

सिबिलचा अहवाल, म्हणजे तुमच्या आजवरच्या कर्जफेडीची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो बँकेच्या आधी तुम्ही वाचा. चूक दिसली तर तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

आता नकार आलाच तर. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. कर्ज नाकारण्याची कारणं लेखी कळवावीत असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे, तेव्हा कागद मागा. मग त्या बँकेच्याच तक्रार विभागात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेचं ग्रिड्स हे तक्रार पोर्टल. लोकपाल बँकेला ‘कर्ज द्या’ असं मात्र सांगत नाही. कोणाला कर्ज द्यायचं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात तो पडत नाही. दिरंगाई, कारण न सांगणं, कागद हरवणं, अशा तक्रारींना तिथे अर्थ आहे. अनुदान अडलं असेल तर केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर जा. तिथे काही हललं नाही तर १० रुपये शुल्क भरून माहितीचा अधिकार वापरा आणि माझा अर्ज कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने नाकारला, एवढंच विचारा. लांबलचक कैफियतीला मोघम उत्तर येतं.

मंजुरी आल्यावरची एक सूचना, कारण कर्ज लवकर फेडून मोकळं व्हायची आपल्याला घाई असते. अनुदानाचा प्रत्येक हप्ता येताना कर्ज चालू हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी हवं. बोनस आला, सोनं मोडलं आणि दोन वर्षांत अर्धं कर्ज फेडलं, तर उरलेले हप्ते येणार नाहीत. पैसे हातात आलेच, तर मुद्दलात भरण्याआधी पाचवा हप्ता कधी आहे ते बघून घ्या.