संकरित गाईचा गोचीड ताप: खांद्यापुढची गाठ चाचपून पाहा

फलटण, खटाव, आटपाडी या भागांतील गोठ्यांत संकरित गाई वाढल्या, तसा थायलेरिओसिस म्हणजेच गोचीड तापही ओळखीचा झाला; तरीही तो लक्षात येईपर्यंत दोन-तीन दिवस निघून जातात आणि गाय दगावते ती बहुधा त्यामुळेच. या रोगाचा थायलेरिया नावाचा एकपेशीय परजीवी गोचीड चावल्यावर गाईच्या शरीरात शिरतो, आधी पांढऱ्या आणि नंतर तांबड्या पेशींत वाढतो. खिलार जनावरे त्याला पुष्कळ अंशी तोंड देतात, संकरित गाय मात्र लवकर खचते.

गाईने वैरण टाकली, रवंथ थांबला आणि दूध एकाएकी उतरले, तर गुदद्वारात थर्मामीटर लावावा. निरोगी गाईचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. ते १०४ च्या पुढे गेले असेल, तर खांद्याच्या पुढे मानेच्या मुळाशी हात फिरवावा; सुजलेली लसिका ग्रंथी तेथे टणक गाठीसारखी हाताला लागते, आणि माझ्या मते गोठ्यात उभ्या उभ्या मिळणारी याहून भरवशाची खूण नाही. पापणी उलटून पाहिल्यावर ती पांढुरकी किंवा पिवळी दिसली, तर रोग पुढे गेला आहे असे समजावे. लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची असेल, तर बबेसिओसिसचा संशय घ्यावा. तोही गोचिडीमुळेच होतो, पण त्यावर डिमिनाझिन हे वेगळे औषध लागते. म्हणूनच इंजेक्शनपूर्वी कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासण्याचा आग्रह डॉक्टरांकडे अवश्य धरावा.

थायलेरिओसिसवर बुपारव्हाक्वोन दिले जाते: दर किलो वजनास २.५ मिलिग्रॅम, मानेच्या स्नायूत, आणि गरज पडल्यास ४८ ते ७२ तासांनी पुन्हा. ते पशुवैद्यकांनीच द्यावे, आणि दूध किती दिवस डेअरीला घालू नये हेही त्यांनाच विचारावे. नुसते ताप उतरवणारे इंजेक्शन देऊन वाट पाहणे फार घातक आहे, कारण अंग थंड लागते तेव्हाही परजीवी वाढतच असतो. रक्त फारच कमी झाले असेल, तर निरोगी गाईचे रक्तही चढवावे लागते. आजारी गाईला सावलीत ठेवावे, पाणी पुढ्यातच असू द्यावे आणि तिला चालवू नये.

गाय सावरत असतानाच गोठ्याकडे वळावे. कानात, कासेजवळ आणि शेपटीखाली दिसणाऱ्या गोचिडी थोड्याच असतात. अंडी व पिले भिंतीच्या फटींत, दगडांखाली असतात. फटी बुजवून चुना द्यावा, गोचीडनाशक लेबलावरील प्रमाणातच फवारावे आणि नंतर निघणाऱ्या पिलांसाठी डॉक्टर सांगतील तेव्हा फवारणी पुन्हा करावी. दोन महिन्यांवरील संकरित वासरांना थायलेरियाची लस टोचून घेता येते.