बेस कोटवर रात्र गेली, तर मुदत बघितल्याशिवाय क्लिअर मारू नका
दुपारी गाडीच्या बोनेटला मेटॅलिक बेस (चंदेरी कण असलेला रंगाचा थर) मारला, लाइट गेली, कॉम्प्रेसर बंद. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला गॅरेज असलेल्यांना हे नवीन नाही. आता क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, उद्या मारायचा का?

आधी बेसच्या कंपनीची टेक्निकल शीट बघा. क्लिअर किती तासांच्या आत मारायचा, ते त्यात असतं; बऱ्याच सॉल्व्हंट बेसना साधारण 24 तास. तेवढ्यात असाल तर टॅक रॅग (धूळ चिकटून घेणारं फडकं) अगदी हलक्या हाताने फिरवा, धूळ उचला आणि क्लिअर मारा.

मुदत टळली असेल तर बेस पूर्ण सुकलेला असतो, क्लिअर त्याला धरत नाही. आज आरशासारखं दिसतं, पण पुढे पापुद्रे निघतात. अशा वेळी राखाडी स्कॉच-ब्राइटने (घासायच्या पॅडने) पृष्ठभागाची चमक हलकी घालवा, पुसा, बेसचा एक पातळ हात पुन्हा द्या, तो मॅट झाला की क्लिअर. मेटॅलिक घासून त्यावर थेट क्लिअर कधीच नको: चंदेरी कण विस्कटतात, ओरखडे उन्हात उठून दिसतात.

सोलापूरच्या मे महिन्यात स्लो (हळू उडणारा) थिनर वापरा, आणि फवारणी सकाळीच उरका.