ओरल म्यूकोसा शिकताना: आरशापासून मायक्रोस्कोपपर्यंत

दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षी ओरल हिस्टॉलॉजी (तोंडातल्या ऊतींची सूक्ष्म रचना) सुरू झाली की बहुतेक मुलं दाताच्या इनॅमल आणि डेंटिन या थरांवर तुटून पडतात. तोंडाच्या आतल्या अस्तराचा, म्हणजे ओरल म्यूकोसाचा धडा मागे पडत जातो आणि परीक्षा तोंडावर आली की तक्ते पाठ करून उरकला जातो. मी हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे. माझ्या मते दवाखान्यात पाऊल ठेवल्यावर सगळ्यात आधी उपयोगी पडतो तो हाच धडा, आणि तक्ता पाठ करून तो येत नाही. तोंडातल्या प्रत्येक जागेला काय सोसावं लागतं हे आधी विचारायचं. तिथली रचना मग आपोआप कळत जाते.

सुरुवात पुस्तकाआधी आरशापासून करा. हात स्वच्छ धुवा, चांगल्या उजेडात उभे राहा आणि खालचा ओठ पुढे ओढून धरा. दातांना लागून फिकट गुलाबी, घट्ट हिरडी दिसेल. तिच्या खाली एका रेषेवर रंग एकदम बदलतो: पुढचा भाग लाल, चकचकीत, बारीक रक्तवाहिन्या दिसतील इतका पातळ. आता ओठ हलवा. लाल भाग ओठाबरोबर सरकतो, हिरडी जागची हलत नाही. ही रेषा म्हणजे म्यूकोजिंजायव्हल जंक्शन. वरच्या बाजूला घास चावताना घासली जाणारी हिरडी आहे. तिच्यावर केरॅटिनचा (त्वचेला टणकपणा देणाऱ्या प्रथिनाचा) थर असतो, खाली सबम्यूकोसा (अस्तर आणि त्याखालचं हाड किंवा स्नायू यांच्यामधला थर) नसतो आणि कोलॅजनचे तंतू तिला थेट हाडाशी जखडून ठेवतात. खालच्या बाजूच्या अल्व्हिओलर म्यूकोसाला ओठ-गालांबरोबर ताणलं जायचं असतं. म्हणून तिथे केरॅटिन नाही, इलॅस्टिक तंतू आहेत आणि खाली सैल सबम्यूकोसा आहे. रंगातला फरक त्यातूनच आला: एपिथेलियम (अस्तराचा पेशींचा वरचा थर) पातळ आणि केरॅटिन नसलेलं असलं की खालचं रक्त जास्त दिसतं.

एवढं डोळ्यांनी पाहिलं की पुस्तकातले तीन प्रकार जड जात नाहीत. हिरडी आणि कठीण टाळू हा चावण्याचा भार घेणारा मॅस्टिकेटरी म्यूकोसा, तोंडाच्या अस्तराचा सुमारे 25 टक्के भाग. गाल, ओठांची आतली बाजू, मऊ टाळू, जिभेखालचा तळ आणि जिभेची खालची बाजू हा लायनिंग म्यूकोसा, सुमारे 60 टक्के. उरलेला 15 टक्क्यांच्या आसपासचा भाग म्हणजे जिभेचा वरचा पृष्ठभाग, स्पेशलाइज्ड म्यूकोसा.

आता स्लाइड, म्हणजे मायक्रोस्कोपखाली पाहायचा ऊतीचा पातळ काप. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मुलं अडकतात ती इथेच. स्लाइड लावल्या लावल्या मोठ्या लेन्सवर जाऊ नका. कमी मॅग्निफिकेशनवर आधी एपिथेलियम आणि कनेक्टिव्ह टिश्यू (त्याखालची आधार देणारी ऊती) यांच्यामधली सीमा शोधा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तशी ही सीमा असते: एपिथेलियमचे रेटे रिजेस (कंगोरे) खाली उतरतात, लॅमिना प्रोप्रियाचे, म्हणजे लगेच खालच्या कनेक्टिव्ह टिश्यूचे, पॅपिली (बोटांसारखे उंचवटे) वर घुसतात. पॅपिली उंच, अरुंद आणि दाटीवाटीने असतील तर तिथे घर्षण आहे, म्हणजे हिरडी किंवा टाळू. आखूड आणि विरळ असतील तर बहुधा लायनिंग म्यूकोसा. काही वेळा एपिथेलियमच्या मध्येच कनेक्टिव्ह टिश्यूची गोल बेटं दिसतात आणि मुलं घाबरून जातात. तो आजार नसतो. काप तिरका गेल्यामुळे पॅपिलीची टोकं आडवी कापली गेलेली असतात.

मग मोठ्या लेन्सवर वरचा थर पाहा. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या स्लाइड रंगवण्याच्या नेहमीच्या रंगांत केरॅटिनचा थर गडद गुलाबी आणि सपाट दिसतो. त्यात केंद्रकं अजिबात नसतील आणि खालच्या थरात केरॅटोहायलिनचे निळसर-जांभळे कण ठळक असतील, तर ऑर्थोकेरॅटिन. कठीण टाळूवर हे छान दिसतं. गुलाबी थरातच आक्रसलेली, काळपट, चपटी केंद्रकं अडकलेली असतील आणि कण जेमतेम दिसत असतील, तर पॅराकेरॅटिन. हिरडीत बहुतेक वेळा हेच सापडतं. गालाच्या स्लाइडमध्येही वरपर्यंत केंद्रकं असतात, म्हणून गोंधळ होतो. पण तिथे वेगळा गुलाबी पट्टाच नसतो. वरच्या पेशी फुगीर, फिकट, जवळजवळ रिकाम्या दिसतात, कारण त्यांच्यात ग्लायकोजेन साठलेलं असतं आणि स्लाइड तयार होताना बरंचसं निघून जातं. केंद्रक आहे की नाही एवढंच पाहू नका. ते कसं आहे आणि भोवतीचा रंग कोणता, हेही पाहा.

केरॅटिन नाही म्हणजे पातळ, हा समज इथेच सोडून द्या. गालाचं एपिथेलियम केरॅटिन नसलेलं असूनही सुमारे 500 मायक्रॉन जाड असतं, हिरडीचं त्याच्या जवळपास निम्मं. खरोखर पातळ असतो तो जिभेखालचा तळ, सुमारे 100 मायक्रॉन. छातीत कळ आल्यावर नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात ती यामुळेच. पातळ अस्तरातून औषध झटकन रक्तात उतरतं आणि यकृताला वळसा घालून पुढे जातं.

टाळूचं इंजेक्शन इतकं का दुखतं, हा प्रश्न रुग्ण तुम्हाला हमखास विचारतील. टाळूच्या मधल्या रेषेवर आणि हिरडीजवळच्या कडेला सबम्यूकोसा नसतो. म्यूकोसा आणि हाडाचं आवरण एकजीव होऊन म्यूकोपेरिऑस्टियम बनतं. औषधाला पसरायला जागाच नसते, ते दाबाने शिरतं आणि ऊती ताणल्या जातात. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सबम्यूकोसा आहे, पुढे त्यात चरबी आणि मागे लाळेच्या छोट्या ग्रंथी. पण जाड तंतूंनी तोही हाडाला बांधलेला आहे. गालाच्या बाजूला सैल जागा भरपूर, म्हणून तिथलं इंजेक्शन सुसह्य. त्याच सैलपणामुळे गालाच्या आतली जखम उघडी पडते आणि टाके लागतात, टाळूवर मात्र छेदाच्या कडा फारशा सरकत नाहीत.

जिभेचं थोडक्यात सांगते. तिच्यावरच्या उंचवट्यांनाही पॅपिलीच म्हणतात. फिलिफॉर्म पॅपिली सगळ्यात जास्त, त्यांच्यावर केरॅटिन असतं आणि टेस्ट बड (चव ओळखणारे पेशींचे पुंजके) नसतात. फंजिफॉर्म लालसर, टोकाकडे आणि कडांना. फोलिएट मागच्या बाजूच्या कडांवर. सर्कमव्हॅलेट मोठे, साधारण 8 ते 12, सल्कस टर्मिनॅलिसच्या (जिभेच्या मागच्या भागातल्या V आकाराच्या खाचेच्या) पुढे ओळीने; त्यांच्या भोवतीच्या चरात व्हॉन एब्नर ग्रंथींचा पातळ स्राव येतो आणि चर धुऊन निघतो. गोड टोकाला आणि कडू मागे असा जिभेचा नकाशा अजूनही काही ठिकाणी छापलेला दिसतो, तो चुकीचा आहे. सगळ्या चवी टेस्ट बड असलेल्या सगळ्या भागांवर कळतात.

एपिथेलियममधल्या दहापैकी एखादी पेशी केरॅटिन बनवणारी नसते: मेलॅनोसाइट (मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणारी), लँगरहान्स (प्रतिकारशक्तीची), मर्केल (स्पर्श जाणणारी) आणि आलेले-गेलेले लिम्फोसाइट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी). यातलं मेलॅनोसाइटचं एक नीट लक्षात ठेवा. हिरड्या काळसर असणाऱ्या आणि गुलाबी असणाऱ्या माणसांत या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात यात. लहानपणापासून दोन्ही बाजूंना सारखा काळसर रंग असलेला माणूस आजाराच्या भीतीने येतो, तेव्हा त्याला हेच समजावून सांगायचं असतं. एकाच जागी नव्याने उमटलेला किंवा बदलत जाणारा डाग मात्र कधीच हसण्यावारी नेऊ नका.

पेशी बदलण्याचा वेगही जागेप्रमाणे वेगळा आहे. गालाचं एपिथेलियम सुमारे 25 दिवसांत नवं होतं, हिरडीचं 41 ते 57 दिवसांत. केमोथेरपी वेगाने विभागणाऱ्या पेशींना गाठते, म्हणून त्या रुग्णांचं तोंड सोलवटतं, आणि गाल, ओठ, जिभेची खालची बाजू यांना आधी झळ बसते.

आता या सगळ्याचा दवाखान्यातला उपयोग. 'तोंड आलंय' म्हणून रुग्ण येतो, तेव्हा फोड कुठे आहेत हे आधी बघा. नेहमीचे ॲफ्थस व्रण बहुधा न बांधलेल्या, केरॅटिन नसलेल्या जागी उठतात: ओठाच्या आत, गालावर, जिभेखाली. तोंडाच्या आत पुन्हा पुन्हा येणारी हर्पिस (विषाणूमुळे येणारे फोड) बहुधा कठीण टाळू आणि हिरडी अशी बांधलेली, केरॅटिन असलेली जागा धरते. पहिल्यांदा होणारी हर्पिस किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असेल तर हा नियम चालत नाही, पण रोजच्या कामात तो खूप साथ देतो.

दुसरं उदाहरण फोड येणाऱ्या आजारांचं. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये शरीराच्या अँटिबॉडी डेस्मोग्लिन 3 वर, म्हणजे पेशींना पेशी जोडणाऱ्या प्रथिनावर हल्ला करतात. त्यामुळे एपिथेलियम बेसल, म्हणजे सगळ्यात खालच्या थराच्या जरा वर फाटतं आणि बेसल पेशी खाली रांगेत उभ्या राहतात. म्यूकस मेंब्रेन पेम्फिगॉइडमध्ये हल्ला होतो तो बेसमेंट मेंब्रेनच्या, म्हणजे एपिथेलियम आणि कनेक्टिव्ह टिश्यू यांच्यामधल्या पातळ पडद्याच्या जागी, म्हणून अख्खं एपिथेलियम उचललं जातं. निदान कुठे फाटलं यावर ठरतं. म्हणून अशा रुग्णाची बायोप्सी उघड्या व्रणाच्या मधोमध घेत नाहीत. तिथे एपिथेलियमच उरलेलं नसतं. व्रणाच्या कडेपासून धड दिसणाऱ्या म्यूकोसापर्यंतचा तुकडा हलक्या हाताने घ्यायचा, आणि इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (ऊतीला चिकटलेल्या अँटिबॉडी चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी) शेजारचा दुसरा तुकडा वेगळा ठेवायचा. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा नाही.